पाळणाघर: शोधण्यापासून रुळण्यापर्यंत

थोरल्याला आम्ही ज्या पाळणाघरात ठेवलं होतं तिथे एसी होता, रंगीत चेंडूंचा हौद होता, भिंतीवर जिराफ होते आणि दर महिन्याला छापील प्रगतिपत्रक यायचं. दहा महिन्यांच्या बाळाचं प्रगतिपत्रक! चार महिन्यांत तिथल्या तीन मावश्या बदलल्या. पोरगा एका चेहऱ्याला सरावायचा आणि सरावला की तो चेहरा दिसेनासा व्हायचा. धाकटीच्या वेळी आम्ही दोन खोल्यांच्या घरात पाळणाघर चालवणाऱ्या एका काकूंकडे गेलो. काकू चौदा वर्षं हेच करत होत्या, त्यांच्या मदतीला असलेल्या मावशी सहा वर्षं. जिराफ एकही नव्हता. धाकटी तिथे तीन आठवड्यांत रुळली.

बाळ रुळतं ते एखाद्या माणसापाशी. म्हणून इथे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं ते माणूस कसं शोधायचं आणि बाळाची त्याच्याशी ओळख कशी होऊ द्यायची, याबद्दलच आहे.

आधी रजेचं गणित

२०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. आठही आधीच घेतले तर कामावर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. शेवटपर्यंत काम करून सगळी रजा मागे राखली तर सहा महिन्यांचं. हे आधी ठरवा, कारण बरीच पाळणाघरं सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, काही तर वर्षाच्या आतलंही नाही. तान्ह्यांच्या जागा सगळीकडे मोजक्याच असतात. शोध रुजू होण्याच्या तीनेक महिने आधी सुरू करा, आणि बाळाला तिथे न्यायला रुजू होण्याच्या निदान पंधरा दिवस आधी लागायचं, असं धरूनच चला. त्या पंधरा दिवसांची फी फुकट चालली असं घरात कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या.

त्याच दुरुस्तीने ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन बाळाला भेटायची मुभा दिली, विश्रांतीची वेळ त्यातच धरून. ऑफिसात पाळणाघर दिसत नाही म्हणून गप्प बसू नका, एचआरला ईमेल करून विचारा. कधीकधी जवळच्या पाळणाघराशी करार झालेला असतो. कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

घराजवळ की ऑफिसजवळ? अंगावर पिणारं बाळ असेल आणि मधल्या वेळेत जाता येणार असेल तर ऑफिसजवळ. नाहीतर मी घराजवळच म्हणेन. जुलैत एखाद्या दिवशी लोकल बंद पडते, किंवा सिंहगड रस्त्यावर गाडी तासभर हलत नाही. अशा वेळी शेजारच्या काकू, सोसायटीतली मैत्रीण, सासरे, कुणीतरी पायी जाऊन पोराला आणू शकलं पाहिजे. शिवाय संध्याकाळच्या गर्दीत थकलेलं बाळ घेऊन तासभर प्रवास करणं ही दोघांनाही शिक्षाच.

खाजगी फी परवडत नसेल तर जवळच्या अंगणवाडीत चौकशी करा. नेहमीच्या अंगणवाडीचं पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आणि काही तासांपुरतं असतं, पण केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतून काही ठिकाणी अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालतं. ते सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतं. तुमच्या भागात आहे की नाही हे अंगणवाडी सेविका किंवा एकात्मिक बालविकास प्रकल्पाचं कार्यालय सांगेल.

पाळणाघर बघायला कधी जायचं

बहुतेक ठिकाणी तुम्हाला सकाळी दहा-अकराला बोलावतात. मुलं आंघोळ करून आलेली, पोटभरलेली, हॉल पुसलेला. एकदा तेव्हा जा, पण निर्णय त्या भेटीवर घेऊ नका. दुसऱ्यांदा साडेबाराला जा, जेवण आणि झोपेच्या मधल्या गोंधळात. तिसऱ्यांदा संध्याकाळी सहाला, मुलं कंटाळलेली आणि दाराकडे डोळे लावून बसलेली असताना. सहाची भेट मला सगळ्यांत जास्त शिकवून गेली. थोरल्याच्या पाळणाघरात त्या वेळी टीव्ही लागलेला होता आणि दोन मावश्या मोबाइलवर. आम्ही ते पाहिलं ते प्रवेश घेतल्यानंतर.

गेल्यावर खुर्चीत बसू नका, खाली सतरंजीवर बसा. मुलांच्या उंचीवरून वेगळं दिसतं. मावशी मुलांना नावाने हाक मारतात की ‘ए’ म्हणून? भरवताना वाटी-चमचा प्रत्येकाचा वेगळा आहे की एकच चमचा चौघांच्या तोंडात फिरतोय? लंगोट किंवा डायपर बदलल्यावर हात धुतात का? रडणारं मूल किती वेळ एकटं राहतं? आणि मुलं मावशींच्या अंगाखांद्यावर येतात का? ज्या माणसाची भीती वाटते त्याच्या पदराशी मूल खेळत नाही.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि एक मदतनीस, असा त्यांचा हिशेब आहे. हे किमान झालं. रांगणाऱ्या बाळांसाठी एका मावशीमागे चारहून जास्त बाळं दिसली तर मी परत फिरेन, कारण चौघांना एकाच वेळी शू झाली तर पाचव्याला बघायला हात उरत नाही. मोजताना मालकीणबाईंना आणि स्वयंपाकाच्या ताईंना धरू नका. प्रत्यक्ष मुलांजवळ बसलेली माणसं मोजा.

जागेतल्या चार गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. गॅलरीचे गज आणि खिडक्यांच्या जाळ्या. स्वयंपाकघराला मुलांना न उघडणारं दार. बाथरूममधल्या भरलेल्या बादल्या: आपल्याकडे पाणी जाणार म्हणून बादली, पिंप भरून ठेवायची सवय आहे, आणि नुकतं उभं राहायला लागलेलं मूल त्यात डोकं खाली पडून वीतभर पाण्यातही बुडू शकतं. झाकण किंवा बंद दार, दोन्हीपैकी एक हवंच. चौथी गोष्ट म्हणजे बाळांना कसं झोपवतात. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, सपाट गादीवर, उशी आणि जाड पांघरुणाशिवाय झोपलं पाहिजे, आणि तोंडात बाटली देऊन उशीला टेकवून ठेवलेली नको.

फिनेलचा वास आला तर हरकत नाही, मुताचा साचलेला वास आला तर आहे. खेळणी जुनी असली तरी चालतील. उलट फारच नवीकोरी खेळणी उंच कपाटात मांडलेली दिसली तर ती पालकांसाठी आहेत असं समजा.

काय विचारायचं

‘मुलं रडतात का?’ असं विचारलं की ‘अजिबात नाही, आमच्याकडे सगळी खूश’ असं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, ‘काल कोण रडलं? मग काय केलंत?’ जिला मुलं माहीत आहेत ती बाई लगेच सांगते, अमका रडला, त्याला दात येतायत, कडेवर घेऊन गॅलरीत चिमण्या दाखवल्या. जिला माहीत नाहीत ती संस्थेचं धोरण सांगते.

बाकीचे प्रश्न सरळच आहेत. मावशी इथे किती वर्षं आहेत, त्या सुटीवर गेल्या तर कोण येतं, त्यांची पोलीस चारित्र्य पडताळणी झाली आहे का. दुकान कायद्याखालची नोंदणी दाखवाल का. ताप आला तर कितीनंतर फोन करता, कोणत्या डॉक्टरकडे नेता. मूल कुणाच्या हाती सोपवता, आणि यादीबाहेरचा काका आला तर काय करता. उशीर झाला तर तासाला किती पैसे. दिवाळी, मे महिना, आजारपण यांची फी कापता की घेता, अनामत परत कधी मिळते, सोडताना किती दिवस आधी सांगायचं. पैशांचं सगळं कागदावर घ्या. इथे ओळखीपाळखीची भीड नको.

आणि शेवटचा प्रश्न: ‘मी न सांगता मधेच आले तर चालेल का?’ ‘झोपेच्या वेळी बेल वाजवू नका, बाकी कधीही या’ हे उत्तम उत्तर. ‘इतर मुलं विचलित होतात, पालकांना आत प्रवेश नाही’ हे ऐकलं की चप्पल घाला.

सीसीटीव्हीबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहिते. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयाने मारल्याचं प्रकरण महाराष्ट्रभर गाजलं. तिथे कॅमेरा होता. बाळाला दुखापत झाल्यावर चित्रण तपासलं गेलं, तेव्हा मारहाण उघड झाली. म्हणजे कॅमेऱ्याने पुरावा दिला, मार थांबवला नाही. चित्रण साठवलं जात असेल आणि मागितल्यावर दाखवत असतील तर चांगलंच, पण मोबाइलवर थेट बघायची सोय मला त्रासदायकच वाटली. मीटिंगमध्ये बसून पोर कोपऱ्यात एकटं का बसलंय ते बघत राहायचं, आणि ते फक्त शी करत असतं.

एवढं झालं की संध्याकाळी दाराबाहेर उभं राहा आणि मुलं न्यायला आलेल्या आयांशी, आजोबांशी बोला. आजोबा सगळं सांगतात.

घरातली तयारी

जागा ठरली की दोन-तीन आठवडे हाताशी असतात. पाळणाघरातल्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा विचारून घ्या आणि घरच्या वेळा रोज थोड्या थोड्या तिकडे सरकवा. बाळ फक्त आईच्याच हातून खात असेल तर बाबा, आजी, शेजारची ताई यांना भरवू द्या. झोळीतच झोपायची सवय असेल तर तिथे झोळी आहे का ते बघा. नसेल तर दुपारची एक झोप गादीवर थोपटून करून बघा. पहिले दोन दिवस थयथयाट होईल. तो आपल्या घरात झालेला बरा.

अंगावरचं दूध काढून देणार असाल तर सराव आत्ताच करा, आणि बाटली घेत नसेल तर वाटी-चमच्याने. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी २५ अंश विसरा: बर्फाच्या पिशवीसकट न्या आणि पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. गरम पाण्यात बाटली ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. उष्टं उरलेलं दूध पुन्हा वापरायचं नाही.

एक कागद लिहा. डॉक्टरचा नंबर, ॲलर्जी, रक्तगट हे तर झालंच. पण त्यात बाळाचे शब्दही लिहा. आमच्या धाकटीसाठी ‘मम्’ म्हणजे पाणी आणि ‘मंमं’ म्हणजे जेवण होतं. हे न कळल्यामुळे पहिल्याच दिवशी तहानलेल्या पोरीला भात भरवला गेला. ‘गाई’ म्हणजे झोप की खरोखरची गाय, शू आली की काय म्हणते, कोणत्या गाण्यावर झोपते, थोपटलेलं आवडतं की पाठ चोळलेली, सगळं लिहा. मराठी न बोलणाऱ्या मावशी असतील तर हा कागद दुप्पट महत्त्वाचा.

पिशवीत कपड्यांचे तीन जोड, डायपर, पुसायची फडकी, स्वतःची वाटी-चमचा, आणि प्रत्येक वस्तूवर नाव. आईच्या जुन्या साडीचं दुपटं द्या, न धुतलेलं. ते कुशीत घेताना मावशींना कामी येतं. डब्यात मऊ वरणभात, मऊ उपमा, नाचणीची खीर असं काहीही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं या वयात घशात अडकतात म्हणून नकोत, आणि वर्षाच्या आत मध नको. गळ्यातला काळा दोरा, साखळी, सेफ्टी पिन, मनगट्या घरी काढून ठेवा. दोरा काढायला आमच्या सासूबाई तयार नव्हत्या. ओढला गेला तर गळा आवळतो, मणी सुटला तर तोंडात जातो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मान्य झालं. दृष्टीसाठी तीट लावायचं ठरलं.

पहिले पंधरा दिवस

जर्मनीत राहणाऱ्या मैत्रिणीने मला तिथली बर्लिनची पद्धत सांगितली. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा बाळासोबत तासभर तिथेच बसतात, सोडून जाण्याचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत. चौथ्या दिवशी पहिल्यांदा काही मिनिटांसाठी बाहेर, आणि तो चौथा दिवस सोमवार असेल तर मंगळवारी, कारण शनिवार-रविवारनंतर बाळ पुन्हा आईला चिकटलेलं असतं. आम्ही काकूंना विचारलं, ‘असं करू का?’ काकू म्हणाल्या, ‘तुम्ही कोपऱ्यात बसा, पण मला काम शिकवायचं नाही.’ करार मान्य.

तर पहिले तीन दिवस कोपऱ्यात बसा. बाळ आलं तर जवळ घ्या, पण स्वतःहून खेळवू नका. भरवणं, शू-शी हळूहळू मावशींना करू द्या. त्या तीन दिवसांत बाळाला कळायचं असतं ते एवढंच, की आई या बाईशी हसून बोलते म्हणजे ही बाई ठीक आहे. चौथ्या दिवशी पंधरा मिनिटं बाहेर. मग अर्धा तास, तास, जेवणापर्यंत. झोप शेवटी. दुपारी तिथे झोपून उठेपर्यंत बहुधा दुसरा आठवडा उजाडतो, आणि पूर्ण दिवस त्यानंतर. दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान आईपासून दूर जाण्याची भीती सगळ्यात तीव्र असते, तेव्हा त्या वयात एक आठवडा जास्त धरा. चार महिन्यांचं बाळ रुळायला सोपं जातं, आई रुळायला अवघड.

निघताना नेहमी सांगून निघा. ‘बघ बघ, चिऊ!’ म्हणत त्याची नजर चुकवून सटकणं हा आपला पिढीजात उपाय आहे आणि अगदी चुकीचा आहे. त्याने त्या दिवशीचं रडणं वाचतं, पण आई कधीही नाहीशी होऊ शकते हे बाळ शिकतं आणि मग घरातही पदर सोडत नाही. पापी, टाटा, एक ठरलेलं वाक्य, आणि चालू लागा. दारातून तीनदा परत फिरायचं नाही. रडू ऐकून पाय अडखळले तर जिन्यात थांबा, पण आत जाऊ नका. दहा मिनिटांनी फोन करा. बहुतेक वेळा तोवर तो डबा वाजवत असतो.

‘मी लगेच येते’ म्हणू नका, आणि ‘सहाला येते’ म्हणूनही उपयोग नाही. ‘गाई करून उठलास, दूध प्यायलास, की आई येणार’ हे दीड वर्षाच्या मुलालाही समजतं. आणि तेव्हा खरंच जा. पहिल्या महिन्यात तरी उशीर करू नका.

बाबांनी सोडलं की मूल कमी रडतं, असं बऱ्याच घरांत दिसतं. आमच्याकडेही. मग सोडायचं काम त्यांचं, आणायचं माझं.

संध्याकाळी आईला बघताच मूल भोकाड पसरतं, अंगावरचे कपडे ओढतं, चप्पल घालू देत नाही. दिवसभर छान होता, आत्ताच काय झालं, असं मावशी म्हणतात आणि आपल्याला ते खोटं वाटतं. बहुधा ते खरं असतं. दिवसभर आवरून धरलेलं सगळं हक्काच्या माणसासमोर बाहेर येतं. पाच-दहा मिनिटं तिथेच मांडी घालून बसा, मग निघा. घरी पोचल्यावर पहिला अर्धा तास कुकर नाही, फोन नाही, नुसतं लोळायचं. पोळ्या विकत आणल्या तरी चालतात.

रात्री दचकून उठणं, सुटलेली शू पुन्हा लागणं, जेवण कमी होणं, हे काही आठवडे चालतं. तिसऱ्या आठवड्यात, सगळं जमलं असं वाटत असताना, एकदा पुन्हा उचल खातं, आणि दिवाळीच्या सुटीनंतर तर हमखास. एखाद्या दिवशी पोर मावशींना ‘आई’ म्हणेल. पोटात खड्डा पडतो, पण ती चांगली बातमी आहे.

आजारपण

पहिलं वर्ष सर्दीचं. वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला लहान मुलांना होतोच, आणि पाळणाघरात तो एकमेकांकडून लवकर मिळतो. हात, पाय, तोंडावर पुरळ येणारा आजारही एकदा फिरून जातो. लसी वेळच्या वेळी घ्या. तापाच्या औषधाची मात्रा वजनावर असते, म्हणून ती डॉक्टरांकडून लिहून घेऊन कागद पाळणाघरात ठेवा, वजन वाढलं की बदला. औषध न देता चोवीस तास ताप नसेल तेव्हाच परत पाठवा; तुमचं बाळ निरोगी असताना इतरांनीही हेच करावं असं तुम्हाला वाटणारच आहे. रजा कुणी कधी घ्यायची ते नवऱ्याशी आधीच ठरवा. सकाळी साडेसातला, थर्मामीटर हातात धरून ठरवायला गेलं की भांडण होतं.

कधी काढून घ्यायचं

निरोप घेताना रडणं ही काळजीची गोष्ट नाही. काळजी याची करा: सगळ्यांना सोडून एकाच विशिष्ट माणसाला बघून मूल आक्रसतं. मांडी, पाठ, कान अशा ठिकाणी वळ किंवा व्रण, ज्यांचं धड उत्तर मिळत नाही. रोज घरी येताना विलक्षण गुंगीत किंवा भुकेने कासावीस. डायपरचं पुरळ जातच नाही. मावशी वारंवार बदलतात. अचानक गेलात तर दार उघडायला वेळ लागतो. पाच-सहा आठवडे नीट प्रयत्न करूनही दिवसभर खात नाही, खेळत नाही, नुसतं बसून राहतं.

शेवटच्या दोन-तीन गोष्टींवर बोलून बघता येतं, वेळा कमी करून बघता येतात. मारल्याची शंका असेल तर मात्र आधी मूल घरी आणा, मग विचारपूस. व्रणांचे फोटो काढा, डॉक्टरांना दाखवून नोंद करून घ्या, चित्रण जपून ठेवायला लेखी सांगा, पोलिसांकडे जा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. अशा वेळी अनामत रकमेचा विचार करायचा नाही.

नवीन जागी गेलात की पुन्हा तीन दिवस कोपऱ्यात. आम्ही थोरल्याला चार महिन्यांनंतर तिथून काढलं तेव्हा हे माहीत नव्हतं. दुसऱ्या जागी पहिल्याच दिवशी नऊ तास ठेवला, आणि तो महिनाभर रात्री माझा अंगठा मुठीत धरून झोपायचा.